व्हीएफएक्सचा कोर्स निवडताना: आधी विभाग, मग सॉफ्टवेअर, शेवटी शुल्क

ॲनिमेशन आणि व्हीएफएक्स (पडद्यावरचे दृश्य परिणाम संगणकावर घडवण्याचे काम) शिकवणाऱ्या खासगी संस्थेत चौकशीला गेले की समुपदेशक टेबलावर एक रंगीत माहितीपत्रक ठेवतो. माया, थ्रीडीएस मॅक्स, झेडब्रश, न्यूक, हुडिनी, आफ्टर इफेक्ट्स, फोटोशॉप अशी दहा-बारा सॉफ्टवेअरची नावे त्यावर ओळीने छापलेली असतात आणि शुल्क जितके जास्त तितकी ती यादी लांब असते. मीही अशाच एका यादीवर भाळून प्रवेश घेतला होता. दीड वर्षात अकरा सॉफ्टवेअर ‘झाली’. पुढे पहिल्याच मुलाखतीत कॉम्प लीडने, म्हणजे दृश्याचे तुकडे जोडणाऱ्या विभागाच्या प्रमुखाने, माझ्या शोरीलमधला (निवडक कामाच्या व्हिडिओमधला) एक शॉट थांबवून व्ह्यूअरचा गॅमा, म्हणजे दिसणाऱ्या चित्राचा उजळपणा, वाढवला, आणि मी स्क्रीन पद्धतीने, म्हणजे काळा भाग गळून पडेल अशा रीतीने, बसवलेल्या धुराभोवतीचा राखाडी चौकोन खोलीतल्या सगळ्यांना दिसला. धुराच्या फुटेजमधला काळा रंग पूर्ण शून्य नव्हता, एवढाच तो दोष होता. पण शॉट असा उजळून तपासायचा असतो, हे दीड वर्षात मला कोणी सांगितले नव्हते.

तेव्हापासून मी कंपोझिटिंग, म्हणजे वेगवेगळे तुकडे एका दृश्यात जोडण्याचे काम, करतो आहे आणि आता नवोदितांचे शोरील पाहण्याचे कामही माझ्याकडे येते. त्या अनुभवातून माझे मत असे झाले आहे की कोर्सची खरी किंमत सॉफ्टवेअरच्या संख्येत मोजू नये. शिक्षक तुमच्या प्रत्येक शॉटवर किती वेळा, किती नेमक्या नोट्स देतो, यात ती मोजावी. बाकीची निवड या एका कसोटीभोवती कशी करायची, ते क्रमाने पाहू.

आधी विभाग ठरवा

स्टुडिओमध्ये ‘व्हीएफएक्स आर्टिस्ट’ नावाचे एकच पद नसते. चित्रित झालेले फुटेज, ज्याला प्लेट म्हणतात, ते आले की मॅचमूव्ह विभाग मूळ कॅमेऱ्याची हालचाल संगणकात पुन्हा उभी करतो. रोटो विभाग माणसे आणि वस्तू यांच्या कडा फ्रेमगणिक कापून देतो, तर प्रेप किंवा पेंट विभाग तारा, ट्रॅकिंगच्या खुणा, कॅमेऱ्यात आलेला माइक असे नको असलेले सगळे पुसतो. दुसरीकडे मॉडेलिंग (त्रिमित आकार घडवणे), टेक्स्चरिंग (त्यावर रंग-पोत चढवणे), रिगिंग (हलवण्यासाठी सांगाडा बसवणे), ॲनिमेशन ही साखळी चालू असते. आग, पाणी, धूर, पडझड यांचे सिम्युलेशन एफएक्स विभागाकडे असते, लायटिंगवाले त्या सगळ्यावर मूळ दृश्याला जुळेल असा प्रकाश टाकून रेंडर, म्हणजे संगणकाने तयार केलेली चित्रे, काढतात आणि शेवटी कंपोझिटर हे तुकडे एका चौकटीत बसवतो.

कोणाला काय जमेल याचे काही ढोबळ संकेत असतात. शरीराची रचना समजून चित्र काढणारा, शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षा आवडीने दिलेला विद्यार्थी मॉडेलिंगमध्ये किंवा ॲनिमेशनमध्ये लवकर रुळतो. ज्याला भौतिकशास्त्राची आणि थोड्याफार प्रोग्रॅमिंगची गोडी आहे त्याने हुडिनी उघडून एफएक्सचा विचार करावा, कारण तिथे हाताच्या कौशल्यापेक्षा कार्यकारणभाव लावण्याची सवय उपयोगी पडते. छायाचित्रणाची नजर असलेल्याने लायटिंग आणि कंपोझिटिंग पाहावे. मॅचमूव्हला भूमितीची समज आणि चिकाटी लागते. त्या विभागाविषयी विद्यार्थी फारसे विचारत नाहीत, म्हणून तिथे स्पर्धाही त्या मानाने कमी असते. चित्रकला अजिबात येत नसेल तरी या क्षेत्राची दारे बंद होत नाहीत, हे पालकांनाही सांगायला हवे.

भारतात रोटो आणि प्रेप हीच बहुतेकांची पहिली पायरी राहिली आहे. परदेशी चित्रपटांचे वेळखाऊ काम इथे स्वस्तात करून घेता येत होते आणि 2010 च्या आसपास साध्या चित्रपटांना थ्रीडी करण्याची लाट आली तेव्हा प्रत्येक फ्रेममधली प्रत्येक वस्तू कापून देणारे हजारो हात लागले. ती पायरी आता झिजते आहे. न्यूकमध्ये 2021 साली आलेले कॉपीकॅट, डाविंची रिझॉल्व्हमधला मॅजिक मास्क आणि अशीच इतर साधने रोटोचा मोठा भाग यंत्राकडून करून घेतात. केसांच्या कडा, धूसर हालचाल आणि एकमेकांत अडकलेली बोटे इथे माणूस अजून लागतो, पण केवळ रोटो शिकवणारा सहा महिन्यांचा कोर्स आज घ्यावा असे मी कोणाला सांगणार नाही. रोटोसोबत प्रेप आणि कंपोझिटिंगचा पाया असेल तरच त्यात पैसे घालावेत.

शुल्क भरण्याआधी तीन महिने

प्रवेशाची घाई करू नये. सुरुवातीला लागणारी सॉफ्टवेअर सरावासाठी फुकट मिळतात. ब्लेंडर पूर्णपणे मोफत आणि मुक्त स्रोत आहे. न्यूकची नॉन-कमर्शियल आवृत्ती 1920 × 1080 पर्यंतच रेंडर देते आणि तिच्यात काही गोष्टी बंद असतात, तरी शिकायला ती भरपूर आहे. हुडिनीची अप्रेंटिस आवृत्ती वॉटरमार्कसह चालते, फ्यूजन हे डाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीतच येते, आणि मान्यताप्राप्त संस्थेच्या विद्यार्थ्यांना ऑटोडेस्क माया विनामूल्य वापरू देते. म्हणजे ‘आमच्याकडे सगळी सॉफ्टवेअर मिळतील’ हे संस्थेचे आश्वासन तुम्हाला विकत घ्यायची गरज नाही.

संगणकावर मात्र खर्च करावा लागेल. 32 जीबी रॅम, किमान 8 जीबी मेमरीचे एनव्हिडिया ग्राफिक्स कार्ड आणि एसएसडी असलेला डेस्कटॉप नवोदिताला काही वर्षे पुरतो. त्याच पैशात येणारा लॅपटॉप सहसा कमी ताकदीचा असतो आणि लांबलचक रेंडरला तापतो. रोटो, पेंट आणि स्कल्प्टिंग करायचे असेल तर साधा पेन टॅबलेट घ्यावा.

सरावाचे फुटेज फोनवर काढू नका असे मी म्हणत नाही, पण व्यावसायिक दर्जाच्या प्लेट हाताळायच्या असतील तर ब्लेंडर फाउंडेशनने 2012 मध्ये केलेल्या ‘टिअर्स ऑफ स्टील’ या लघुपटाचे मूळ चित्रण मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहे. त्यात ग्रीन स्क्रीनचे शॉट आहेत आणि ते ईएक्सआर या चित्रफाइलच्या स्वरूपात मिळतात. हेच स्वरूप पुढे स्टुडिओत रोज भेटणार आहे.

या तीन महिन्यांत एक काम मनापासून करावे. चालणाऱ्या माणसाचा पाच सेकंदांचा शॉट घ्यावा. सेकंदाला 24 फ्रेम धरल्या तर 120 फ्रेम होतात. नवखा माणूस संपूर्ण शरीराभोवती एकच आकार काढतो आणि प्रत्येक फ्रेमवर बिंदू हलवत बसतो. त्याचे फळ म्हणजे चालताना सबंध कडा उकळत्या दुधासारखी थरथरते. योग्य रीत अशी की डोके, धड, दंड, पुढचा हात, पंजा, मांडी, पोटरी, पाऊल यांचे वेगवेगळे आकार काढायचे आणि सांध्यापाशी ते एकमेकांवर थोडे चढवायचे. कीफ्रेम, म्हणजे आकार हाताने बसवलेली फ्रेम, प्रथम फक्त टोकाच्या स्थितींवर द्यायची: पाऊल जमिनीला टेकते ती फ्रेम, पाय एकमेकांना ओलांडतात ती फ्रेम. मग दोन कीच्या बरोबर मधल्या फ्रेमवर जाऊन चूक दुरुस्त करायची, पुन्हा त्यांच्या मध्ये, असे करत जायचे. कोपरावर ठेवलेला बिंदू शेवटच्या फ्रेमपर्यंत कोपरावरच राहिला पाहिजे. तो मनगटाकडे घरंगळला की कडा फुगते. शेवटी मागे एकच गडद लाल रंग ठेवून शॉट पुन्हा पुन्हा फिरवून पाहायचा. हे 120 फ्रेम पूर्ण करताना जो कंटाळतो आणि सोडून देतो त्याने लाखो रुपये वाचवले असे समजावे. दुसऱ्या दिवशी तोच शॉट अधिक नीट करावासा वाटला, तर कोर्सची चौकशी सुरू करायला हरकत नाही.

कोणत्या प्रकारचे अभ्यासक्रम आहेत

ज्यांना कथा, दिग्दर्शन, डिझाइन यांसह ॲनिमेशन शिकायचे आहे आणि ज्यांच्याकडे तयारीला वर्षभराचा वेळ आहे, त्यांनी आधी सरकारी डिझाइन संस्थांचा विचार करावा. आयआयटी मुंबईचे आयडीसी स्कूल ऑफ डिझाइन 1969 पासून आहे. बारावीनंतर कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला यूसीड ही परीक्षा देऊन बी.डेस.ला आणि पदवीनंतर सीड देऊन एम.डेस.ला प्रवेश मिळू शकतो, एम.डेस.मध्ये ॲनिमेशन ही स्वतंत्र शाखा आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत (एनआयडी) ॲनिमेशन फिल्म डिझाइन शिकवले जाते आणि तिची स्वतःची प्रवेश परीक्षा असते. कोलकात्याच्या सत्यजित रे फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्येही ॲनिमेशन सिनेमाचा अभ्यासक्रम आहे. या संस्था तुम्हाला विचार करायला शिकवतील, पण न्यूकमधला दर्जेदार कॉम्प किंवा हुडिनीतला पूर शिकवणे हा त्यांचा मुख्य हेतू नाही, हे ध्यानात ठेवावे. मुंबईत केंद्र सरकारच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीजचे, म्हणजे आयआयसीटीचे पहिले संकुल जुलै 2025 मध्ये पेडर रोडवर सुरू झाले. नव्या संस्थेत पहिल्या तुकड्यांना भरपूर लक्ष मिळते आणि घडी बसेपर्यंतचा गोंधळही मिळतो. दोन्हींची तयारी ठेवून जावे.

विद्यापीठीय पदवीचा मोठा फायदा म्हणजे पुढे परदेशी स्टुडिओत जायचे झाल्यास व्हिसाच्या कागदपत्रांत पदवी अनेकदा कामी येते. महाराष्ट्रात विद्यापीठांशी संलग्न काही महाविद्यालयांत बी.एस्सी. ॲनिमेशन आहे, आणि मुंबईच्या फिल्म सिटीतील व्हिसलिंग वूड्ससारख्या खासगी संस्थांतही पदवीची सोय आहे. मात्र एखादे प्रशिक्षण केंद्र ‘कोर्ससोबत दूरच्या राज्यातील विद्यापीठाची डिग्रीही देऊ’ असे सांगत असेल तर यूजीसीच्या संकेतस्थळावर ते विद्यापीठ आणि त्याची दूरशिक्षणाची परवानगी स्वतः तपासल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये.

सर्वाधिक विद्यार्थी जातात ते खासगी डिप्लोमाकडे. मॅक आणि अरीना हे दोन्ही परिचित ब्रँड ॲपटेक कंपनीचे आहेत आणि त्यांची बरीचशी केंद्रे फ्रँचायझी तत्त्वावर चालतात. त्यामुळे एकाच नावाच्या दोन केंद्रांतला शिक्षक, संगणक आणि शिस्त यांत जमीन-अस्मानाचे अंतर असू शकते. म्हणून पाटीवरच्या नावापेक्षा केंद्राची आणि त्यातही शिकवणाऱ्या माणसाची चौकशी करावी. दोन-तीन वर्षांच्या सर्वसमावेशक पॅकेजपेक्षा एका विभागाचा आठ ते बारा महिन्यांचा कोर्स मला अधिक प्रामाणिक वाटतो.

परवडणारा, पण फारसा माहीत नसलेला पर्याय म्हणजे आयटीआय. ‘मल्टीमीडिया, ॲनिमेशन अँड स्पेशल इफेक्ट्स’ हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आयटीआयच्या यादीत आहे. तुमच्या जिल्ह्यात तो चालतो का, एवढे विचारून यावे. ऑनलाइन शिकवण्यांबद्दल थोडक्यात सांगतो: रेकॉर्ड केलेले धडे स्वस्त असतात आणि माहिती देतात, पण ज्या कोर्समध्ये काम करणारा कलाकार दर आठवड्याला तुमच्या शॉटवर बोलतो, तोच प्रशिक्षण या शब्दाला पात्र असतो.

केंद्रात गेल्यावर काय विचारावे

पहिला प्रश्न शिक्षकाबद्दल असावा. त्याने कोणत्या स्टुडिओत, कोणत्या विभागात, किती वर्षे काम केले आणि स्टुडिओ सोडून किती काळ झाला? कालच कोर्स पूर्ण केलेल्या विद्यार्थ्यालाच शिक्षक नेमण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे, आणि तो मुलगा कितीही हुशार असला तरी त्याने डेलीज पाहिलेले नसतात. स्टुडिओत रोज सगळ्यांचे अपुरे शॉट मोठ्या पडद्यावर लावून सुपरवायझर नोट्स देतो, त्याला डेलीज म्हणतात. तुमच्या कोर्समध्ये हे आठवड्यातून किती वेळा होते, ते विचारा. उत्तर अस्पष्ट आले तर एक वर्ग बसून पाहण्याची परवानगी मागा. ती नाकारली गेली तर उठून यावे.

मग मागच्या तुकडीचे शोरील मागावेत. संस्थेने निवडलेले तीन नकोत, तर एका तुकडीतले शक्य तितके सगळे हवेत. सगळ्यांच्या शोरीलमध्ये तोच रोबो, तीच गाडी आणि तोच स्फोट दिसला, तर विद्यार्थ्यांनी शिक्षकाच्या मागून बटणे दाबली आहेत असे समजावे. माजी विद्यार्थी लिंक्डइनवर सापडतात. त्यांच्यापैकी दोन-तीन जणांशी बोलून पहिली नोकरी किती महिन्यांनी लागली, ती व्हीएफएक्सचीच होती का, हे विचारावे. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ या जाहिरातीत कॉल सेंटरमधली आणि लग्नाच्या व्हिडिओंची नोकरीही मोजलेली असू शकते.

पैशांबाबत जरा बारकाईने पाहावे. सांगितलेल्या रकमेत 18 टक्के जीएसटी धरला आहे का? ‘शून्य व्याजाचा हप्ता’ म्हणून ज्यावर सही घेतली जाते ते बहुधा एखाद्या वित्तसंस्थेचे तुमच्या वडिलांच्या नावावरचे कर्ज असते. त्यात संस्थेला सगळी रक्कम आधीच मिळते, आणि तुम्ही दुसऱ्या महिन्यात कोर्स सोडलात तरी हप्ते चालूच राहतात. परताव्याचा नियम तोंडी न ऐकता पावतीवर किंवा करारात लिहून घ्यावा आणि शक्य असेल तर सत्रागणिक शुल्क भरावे. वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक लक्षात ठेवावा.

कोर्स चालू असताना

वर्गातले दोन तास म्हणजे शिक्षण नव्हे. त्या दोन तासांमागे घरी किमान चार तास लागतात. याखेरीज काही गोष्टी अभ्यासक्रमात नसल्या तरी स्वतः शिकाव्यात. मोठ्या स्टुडिओत बहुतेक संगणक लिनक्सवर चालतात, म्हणून फाइल शोधणे, हलवणे, परवानग्या बदलणे एवढ्या कमांड येऊ द्याव्यात. पायथनचा तोंडओळखीपुरता सराव माया, न्यूक, हुडिनी आणि ब्लेंडर या चारही ठिकाणी उपयोगी पडतो. कॅमेरा हातात घेऊन लेन्स बदलली की दृश्याचा आवाका कसा बदलतो, दुपारच्या उन्हातली सावली निळसर का दिसते, हे डोळ्यांनी पाहावे.

कंपोझिटिंग करणाऱ्याने अल्फाचे, म्हणजे पिक्सेल किती अपारदर्शक आहे ते सांगणाऱ्या आकड्याचे, गणित एकदा कागदावर सोडवून पाहावे. संगणकातून आलेल्या रेंडरमध्ये रंग आधीच अल्फाने गुणलेला असतो, म्हणजे कडेवरचा अर्धपारदर्शक पिक्सेल अर्धा काळा झालेला असतो. तशाच अवस्थेत रंगसुधारणा केली तर कडेची बेरीज बिघडते आणि वस्तूभोवती काळी किंवा पांढरी बारीक रेघ उमटते. उपाय तीन पायऱ्यांचा आहे: आधी अनप्रीमल्ट (अल्फाने भागणे), मग रंगसुधारणा, मग पुन्हा प्रीमल्ट (अल्फाने गुणणे). ही रेघ मला दर दहा-बारा शोरीलमागे एकात तरी दिसते, आणि ती दिसली की पुढचे पाहण्याची इच्छा राहत नाही.

शोरील

शोरील साठ ते नव्वद सेकंदांचे असावे, त्याहून मोठे नको. सर्वांत चांगला शॉट पहिला ठेवावा, कारण पाहणाऱ्याचा निर्णय पुष्कळदा पहिल्या पंधरा सेकंदांत झालेला असतो. चार उत्तम शॉट असतील तर चारच दाखवावेत. पाचवा सुमार शॉट पहिल्या चारांची किंमत कमी करतो. प्रत्येक शॉटसोबत मूळ प्लेट आणि टप्प्याटप्प्याचे ब्रेकडाउन द्यावे, आणि त्यात तुम्ही नेमके काय केले ते कोपऱ्यात लिहावे. गटाने केलेल्या कामाचे सगळे श्रेय घेतलेले मुलाखतीत दोन प्रश्नांत उघडे पडते. ज्या विभागासाठी अर्ज करायचा त्याचेच काम दाखवावे. ॲनिमेशनच्या अर्जात लोगो आणि पोस्टर घालू नयेत. संगीत हळू आवाजात असावे, बहुतेक जण आवाज बंद करूनच पाहतात.

पाठवण्याआधी प्रत्येक शॉटवर व्ह्यूअरचा गॅमा वर-खाली करून काळ्या छटा जुळतात का पाहावे, मूळ प्लेटमधला ग्रेन (चित्रातले बारीक दाणे) आणि तुम्ही बसवलेल्या वस्तूवरचा ग्रेन सारखा आहे का तपासावे, आणि लाल, हिरवा, निळा असे चॅनेल वेगळे करून पाहावेत. निळ्या चॅनेलमध्ये ग्रेन सहसा सर्वांत जास्त असतो आणि जोडकामातली चोरीही तिथेच पकडली जाते.

अर्ज आणि पहिले वर्ष

मराठी मुलांसाठी एक सोय अशी की कामाची ठिकाणे फार दूर नाहीत. मुंबईत डीएनईजी, रेड चिलीज आणि 2022 नंतर आयएलएम, तर पुण्यात ॲनिब्रेन आणि डिजिकोर असे स्टुडिओ आहेत. पण हा धंदा चढ-उताराचा आहे, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावे. मुंबई आणि हैदराबाद इथे शाखा असलेल्या रिदम अँड ह्यूज या व्हीएफएक्स कंपनीने फेब्रुवारी 2013 मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि त्याच महिन्यात तिच्या कामाला ऑस्कर मिळाले. 2023 मध्ये हॉलीवूडच्या लेखकांचा आणि अभिनेत्यांचा संप झाला, तेव्हा इथल्या स्टुडिओतली कामे आटली. फेब्रुवारी 2025 मध्ये टेक्निकलर हा व्हीएफएक्स स्टुडिओंचा समूह कोसळला आणि बेंगळुरूतल्या कलाकारांच्या नोकऱ्या एकाएकी गेल्या. म्हणून पहिल्या पगारापासून सहा महिन्यांचा खर्च बाजूला काढायला लागावे आणि हप्त्यांचा बोजा शक्य तितका कमी ठेवावा.

अर्ज केल्यावर स्टुडिओ बहुधा एक चाचणी शॉट देतो. त्याची मुदत पाळावी. अर्धवट शॉट वेळेवर देऊन काय राहिले ते लिहिणे हे पूर्ण शॉट दोन दिवस उशिरा देण्यापेक्षा बरे. नोकरीसाठी ‘प्रशिक्षण शुल्क’ किंवा अनामत मागणाऱ्याला नकार द्यावा, आणि दोन वर्षांच्या बाँडवर सही करण्याआधी तो मोडल्यास किती रक्कम द्यावी लागेल ते वाचावे. स्टुडिओतले काम प्रदर्शनापूर्वी कुठेही दाखवायचे नाही असा करार असतो. मित्राच्या फोनवर पाठवलेला एक स्क्रीनशॉटही नोकरी घालवू शकतो.

पहिले काम रोटोचे किंवा प्रेपचे मिळाले तर शॉट मंजूर झाल्यावर तुमची मॅट, म्हणजे कापून दिलेला आकार, ज्या कंपोझिटरकडे गेली त्याच्या खुर्चीमागे जेवणाच्या सुट्टीत पाच मिनिटे उभे राहा आणि तिचे त्याने काय केले ते दाखवायला सांगा. कुठली कड त्याला पुन्हा कापावी लागली, कुठे तुमचा ब्लर जास्त झाला, हे तो सांगेल, आणि पुढचा शॉट हातात घेताना ते आठवेल.